थंडीत मुलाचं बोलणं मागे गेल्यासारखं वाटतं, थेरपीही बुडते. घरी काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव मालवण तालुक्यात, मुलगा साडेतीन वर्षांचा, कुडाळला आठवड्यातून एकदा स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हाताची आणि रोजची कामं जमावीत म्हणून सराव). दिवाळीनंतर सर्दी, जत्रा, लग्नं यांत सेशन बुडतात आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत आलेले शब्दसुद्धा गेल्यासारखे वाटतात. घरी काय करू?

आधी कान बघा. बुडालेल्या सेशनांना सगळे दोष देतात, पण या वयात थंडीतली घसरण बऱ्याचदा कानातून सुरू होते. सर्दी झाली की नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी सुजून बंद होते आणि पडद्यामागे पाणी साचतं. कान दुखत नाही, वाहत नाही, तापही नसतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. मुलाला मात्र कानात बोटं घालून ऐकावं तसं ऐकू येतं. स, श, फ असे हलके आवाज आधी गळतात, लांबून मारलेली हाक जाते, आणि आपण म्हणतो, "हल्ली लक्षच देत नाही."

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर तो खेळात असताना मागे तीन-चार फुटांवर उभे राहा आणि ओठ दिसू न देता हळू आवाजात त्याच्या आवडीचा शब्द म्हणा: "चॉकलेट", "गाडी". दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी वळला नाही तर कानाची तपासणी करून घ्या. टिंपॅनोमेट्री नावाची चाचणी असते. कानात छोटं रबरी टोक लावतात, काही सेकंदांत आलेख निघतो, त्यावरून पडद्यामागे पाणी आहे का ते कळतं, दुखत नाही आणि मुलाने उत्तर द्यावं लागत नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालयात किंवा खासगी ईएनटीकडे (कान-नाक-घसा डॉक्टरांकडे) जाताना मशीन आणि ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे) दोन्ही त्या दिवशी आहेत का, हे फोन करून विचारा. नाहीतर फुकटची खेप.

तपासणीत पडद्यामागे पाणी आढळलं तरी घाबरू नका. बहुतेक मुलांचं तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरतं. तोवर समोर बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, टीव्ही बंद करून बोला. तीन महिन्यांनंतरही राहिलं तर पुढचं ईएनटी ठरवतील. कानात लसणाचं कोमट तेल मात्र घालू नका. ते पडद्यापलीकडे पोचत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर नुकसान करतं. सर्दीचं औषधही उरलेल्या बाटलीतलं नको. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा २०२३चा आदेश आहे. शिवाय अशा औषधाने मूल पेंगतं, म्हणजे तो दिवस असाही गेलाच.

नाक चोंदलं की आणखी एक गंमत होते. म, न, ण हे आवाज नाकातून निघतात. वाट बंद म्हणून "मामा"चा "बाबा" होतो आणि "नाक"चं "डाक". मूल शिकलेलं विसरलेलं नाही. त्या आठवड्यात हे आवाज सुधारत बसू नका. सलाइनचे थेंब घालून नाक मोकळं करा. नाक शिंकरायला शिकवायचं तर एक नाकपुडी बंद करून दुसरीतून टेबलावरचा कापसाचा बोळा हलवायला सांगा. जोर लावायचा नाही, दोन्ही नाकपुड्या दाबून तर मुळीच नाही; दाब कानाकडे जातो. आणि हो, शिट्ट्या, फुगे, पिपाण्या फुंकल्याने उच्चार सुधारतात असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. खेळ म्हणून खुशाल द्या, पण उच्चार बोलण्याच्या सरावानेच सुधारतात.

आता घरचा सराव. थेरपिस्टला सरळ विचारा: "पुढचे तीन महिने बोलण्याचं एक आणि हाताचं एक, अशी दोनच उद्दिष्टं सांगा." दहा उद्दिष्टांचा कागद फ्रिजवरच राहतो. वेळ पाच-पाच मिनिटं, दिवसातून चारदा, आणि तीही घरात आधीच चाललेल्या कामाला जोडून. सलग वीस मिनिटं या वयाला झेपत नाहीत.

शेंगांचंच बघा. वाल, चवळीच्या शेंगा आल्या की आजी खळ्यात, म्हणजे अंगणात, सूप घेऊन बसतेच. मुलाला समोर बसवा. शेंगेचं टोक तुम्ही मोडून द्या, शिर त्याला ओढू दे. दाणा अंगठा आणि तर्जनीने उचलून अरुंद तोंडाच्या तांब्यात टाकायचा. मोठ्या टोपात टाकायला दिलं तर तो मूठभर ओतेल आणि चिमटीचा सराव होणार नाही. शेंगा एकेक करून द्या, ढीग तुमच्याकडे ठेवा, म्हणजे मागायचं कारण उरतं. एक शेंग पुढे धरा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा, ओठ मिटून. सगळ्यांचं इथेच चुकतं: तिसऱ्या सेकंदाला आपणच "शेंग हवी? बोल शेंग, बोल ना" सुरू करतो. त्याने "दे" म्हटलं तर शेंग देता देता "शेंग दे" म्हणा. त्याच्यापेक्षा एकच शब्द जास्त. त्याने तो परत म्हणायलाच हवा असं नाही. नुसता हात पुढे केला तरी तुम्ही "दे" म्हणा आणि शेंग द्या. बोलल्याशिवाय न देण्याचा हट्ट खाण्यापिण्यात तर अजिबात नको. त्याने मूल बोलण्यालाच कंटाळतं. दाणे नाकात जातात, म्हणून मोठं माणूस शेजारी हवंच. अख्खे शेंगदाणे या वयाला खायला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात.

ओटीवाले ज्याला जोराचं काम म्हणतात, म्हणजे सांध्यांवर आणि स्नायूंवर भार येणारं, त्याची कोकणात थंडीत ददात नाही. खळं नव्याने चोपून सारवतात तेव्हा त्याच्या हातात लहान फळी द्या. सोललेला नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून पडवीपासून चुलीपर्यंत नेऊ दे. अशी पाच-सात मिनिटं झाली की अस्वस्थ मूल जरा स्थिरावतं, त्यामुळे बोलण्याचा सराव त्याच्या पाठोपाठ ठेवा. पहाटेच्या गारव्यात खोबरेल थिजतं, तेही वाया घालवू नका. रुंद तोंडाच्या बरणीतून तर्जनीने खरवडून काढायचं आणि तळहातावर चोळून विरघळवायचं. चिकट लागलेलं ज्याला सोसत नाही त्याला आधी चमच्याने काढू द्या. हात धरून बरणीत बोट घालू नका, पुढचे चार दिवस तो बरणीजवळ येणार नाही.

स्वेटर आपल्याकडे सकाळी घालायचा आणि नऊला काढायचा, म्हणजे रोज दोनदा आयता सराव. डोक्यातून घालायचा नको, पुढे चेन असलेला घ्या. मानेचं लेबल उसवून टाका. टोचतं म्हणून मूल रडतं आणि आपण हट्टी ठरवतो. चेनच्या पट्टीला नाडी किंवा किचेनची कडी बांधा. शिकवायचं शेवटापासून: खाली अडकवणं आणि छातीपर्यंत ओढणं तुमचं, वरची चार बोटं त्याची. सलग तीन दिवस जमलं की पोटापासून त्याची. अडकवणं सगळ्यात शेवटी, ते कठीण असतं. तुम्ही त्याच्या मागे उभे राहा. समोरून दाखवलं तर त्याला सगळं उलटं दिसतं.

जत्रेला नेऊ नका असं मी म्हणणार नाही. दिवसाउजेडी न्या, गर्दी आणि दशावतार सुरू होण्याआधी परत फिरा. आवाजाला बिचकत असेल तर कानावर बसणारे इअरमफ घ्या, नुसत्या कापसाने फारसा फरक पडत नाही. निघण्याआधी मोबाइलवर तीन फोटो दाखवा: देऊळ, खाजं (जत्रेतला गोड खाऊ), घर. याच क्रमाने होईल असं सांगा आणि तसंच करा.

संक्रांतीनंतरचं बोरन्हाण स्पर्शाला बिचकणाऱ्या मुलाला फार जड जातं. डोक्यावरून अचानक बोरं, चुरमुरे, हलवा, वर चारीकडून ओरडा. आधी वाडगा त्याच्याच हातात द्या, त्याने आईबाबांवर टाकू दे. मग त्याच्या पायांवर नुसते चुरमुरे. एवढ्यावर थांबलं तरी बोरन्हाण झालं. आजी रागावेल, तिला तुम्ही समजवा.

आजीवरून आठवलं. "घरात एकच भाषा बोला, मालवणी बंद करा" असं कुणी सांगितलं असेल तर ऐकू नका. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. तो "माका व्हया" (मला हवं) म्हणाला तर तो मागायला शिकला, वहीत एक शब्द वाढला.

वही म्हणजे साधी: तारीख, सर्दी होती की नाही, नवे शब्द, चेन कुठपर्यंत ओढली. दर रविवारी एक मिनिटाचं त्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. सेशन बुडालं तर तेच थेरपिस्टला पाठवा आणि व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटं मागा. ताप असेल तर सगळं बंद. उतरल्यावर पहिले दोन दिवस जुनं, सोपं, हमखास जमणारं घ्या.

सर्दी गेली, कान तपासून ठीक निघाले आणि तरीही दोन-तीन आठवडे शब्द परतले नाहीत, किंवा नजर देणं, बोट दाखवणं, चालण्यातला तोल असं काही कमी झालं, तर ते थंडीच्या खात्यावर टाकू नका. पुढच्या सेशनची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि रविवारची रेकॉर्डिंग सोबत न्या.