वाचक विचारतात: ओव्हरडोस, नॅलोक्सोन आणि सरकारी पैसा

प्रश्न : माझा मुलगा चार महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आता घरी येतोय. तो ब्राऊन शुगर (भेसळीचे हेरॉईन) घेत असे. पुन्हा घसरलाच तर जिवाला धोका किती? घरात काही ठेवता येईल का?
(एक आई, बार्देश)

उत्तर : घसरण्याची शक्यता धरूनच तयारी करता आहात, हे योग्य आहे. केंद्रातून किंवा गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे. शरीराची सवय मोडलेली असते, पण हाताला आणि डोक्याला जुनीच मात्रा आठवते. तेवढीच घेतली की श्वास मंदावतो आणि थांबतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर कमी मात्रेतही तेच होते. हे त्याच्याशी उघड बोला. त्यामुळे व्यसनाला परवानगी मिळते असे अजिबात नाही.

घरात ठेवण्याजोगे औषध म्हणजे नॅलोक्सोन. हेरॉईनसारख्या अफूजन्य पदार्थांचा परिणाम ते काही काळ उलटवते आणि श्वास परत आणते. आपल्याकडे ते ०.४ मिलिग्रॅमच्या १ मिलिलिटर अँप्युलमध्ये (काचेच्या बंद कुपीत) येते आणि राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते मिळते डॉक्टरच्या चिठ्ठीवर. कोपऱ्यावरची फार्मसी बहुधा नाहीच म्हणेल, म्हणून चिठ्ठी बांबोळीच्या मनोविकार संस्थेतून (आयपीएचबी) किंवा उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडून घ्या, आणि इंजेक्शन कसे द्यायचे तेही तिथेच हाताने करून शिका. दोन अँप्युल, दोन २ मिलिलिटरच्या सिरिंज आणि हातमोजे एका डब्यात, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. मुदतीची तारीख डब्यावर लिहा.

ओळखायचे कसे? हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही हलत नाही, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास, किंवा घोरल्यासारखी घरघर. लगेच १०८ लावा. उताणे झोपवून हनुवटी वर करा, तोंड मोकळे करा, नाक दाबून दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडाने द्या. अँप्युलच्या मानेत द्रव अडकलेला असतो. टिचकी मारून तो खाली आणा आणि मान कापडात धरून मोडा, नाहीतर बोट कापते. सगळे औषध मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचा. वेळ नसेल तर कपड्यावरूनही चालते. श्वास देणे थांबवू नका. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरे अँप्युल द्या. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा.

इथेच लोक चुकतात. माणूस डोळे उघडतो, चिडतो, “मी ठीक आहे” म्हणतो आणि घरचे १०८ परत पाठवतात. नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो. आतला पदार्थ, विशेषतः मेथाडोन (अफूसारखाच, पण दीर्घकाळ टिकणारा पदार्थ), त्याहून जास्त टिकतो आणि श्वास पुन्हा मंदावतो. म्हणून इस्पितळात न्यायलाच हवे. थंड पाणी ओतणे, चापट्या मारणे, मिठाच्या पाण्याचे किंवा दुधाचे इंजेक्शन, “झोपू दे, उतरेल” यांत फक्त वेळ जातो, आणि दुधाचे इंजेक्शन तर स्वतःच जीव घेऊ शकते.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या आमच्या हॉटेलात गोळ्या घेतलेल्या पाहुण्यालाही हेच द्यायचे का?
(व्यवस्थापक, पेडणे)

उत्तर : एमडीएमएवर (पार्ट्यांत घेतल्या जाणाऱ्या ‘एक्स्टसी’ गोळ्यांवर) नॅलोक्सोन चालत नाही, पण दिल्याने अपायही होत नाही. काय घेतलेय ठाऊक नसेल आणि श्वास मंद असेल तर द्यावे. अंग तापलेले, जबडा आवळलेला, बडबड चालू असेल तर सावलीत न्या, ओल्या कपड्याने अंग थंड करा, १०८ बोलवा. बाटल्यामागून बाटल्या पाणी पाजू नका. रक्तातले सोडियम घसरून झटके येऊ शकतात.

प्रश्न : १०८ बोलावली की पोलीस येतात, म्हणून मुले मित्राला टाकून पळतात. कायद्याने संरक्षण आहे का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : अर्धेच. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४-ए नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाऊ शकते. फोन करणाऱ्या मित्रासाठी अशी तरतूद नाही. जखमींना मदत करणाऱ्यांचे जे संरक्षण ऐकिवात असते (मोटार वाहन कायदा, कलम १३४-ए), ते फक्त रस्ता अपघातांपुरते. आमच्या मते ही कायद्यातली सगळ्यांत महागडी त्रुटी आहे. ती भरून निघेपर्यंत फोनवर आधी “बेशुद्ध आहे, श्वास नीट चालत नाही” आणि जागा सांगा. काय घेतले ते डॉक्टरला सांगा.

प्रश्न : व्यसनावर सरकार पैसा खर्च करते म्हणतात. पंचायतीला तो कुठे शोधायचा?
(पंच, काणकोण)

उत्तर : तो एका जागी नाहीच. सामाजिक न्याय मंत्रालयाकडून १५ ऑगस्ट २०२० पासून नशामुक्त भारत अभियान चालते. भर जागृती आणि पुनर्वसनावर, हेल्पलाइन १४४४६. वापरलेल्या सुया बदलून नव्या देणे आणि जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉईनची ओढ कमी करणारी गोळी) रोज समोर बसवून देणे हे काम मात्र एचआयव्ही कार्यक्रमातून, म्हणजे राज्य एड्स नियंत्रण सोसायटीमार्फत होते. त्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला (२०२१-२६) केंद्राचे १५,४७१.९४ कोटी मंजूर झाले, पण तो आकडा देशभरच्या सगळ्या एचआयव्ही कामाचा. सुई टोचून घेणाऱ्यांची पुरेशी नोंद नसली की त्या भागात प्रकल्पच मिळत नाही, आणि भीतीपोटी नोंद होत नाही. जप्त मालमत्तेच्या विक्रीचा पैसा एनडीपीएस कायद्याच्या कलम ७-ए खालच्या राष्ट्रीय निधीत जातो. त्यातून उपचारांवर खर्च करायला कायदा मोकळीक देतो.

तुमच्या हातात आहे ते आरोग्य खाते. ‘व्यसनमुक्तीसाठी काय केले’ असे विचाराल तर फेऱ्या आणि भाषणांची यादी येईल. १० रुपये भरून माहिती अधिकारात नेमके विचारा: तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात ३१ मार्चला नॅलोक्सोनची किती अँप्युल होती, मुदत कधीची, वर्षात किती वापरली, किती कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. अंदाजपत्रकात संबंधित शीर्षाखालचे मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तिन्ही रकाने पाहा. सुधारित अंदाज घसरलेला दिसला तर पैसा पडून होता की वळवला, हे आमदारांना विधानसभेत लेखी विचारायला सांगा.