एनसीचा कागद म्हणजे एफआयआर नव्हे : गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत एकच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा मांडलेला दिसला, म्हणून त्याच प्रश्नापासून सुरुवात करते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या असून खालील कलमे त्यांतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : पार्किंगच्या वादातून शेजाऱ्यांनी माझ्या मुलाला मारहाण केली, त्यात त्याच्या हाताचे हाड मोडले. त्याच रात्री पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिची प्रत सोबत पाठवत आहे. तीन महिने झाले तरी न्यायालयाचे समन्स आलेले नाही. आणखी किती दिवस वाट पाहावी? (हडपसर)

एकही दिवस पाहू नका. तुम्ही पाठवलेल्या प्रतीच्या माथ्यावर ‘अदखलपात्र’ असा शब्द छापलेला आहे आणि तुमचे तीन महिने कुठे गेले, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे. बोलीत आपण जिला ‘एनसी’ म्हणतो, ती ही नोंद. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस तक्रार लिहून घेतात, तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगतात आणि कलम १७४ प्रमाणे त्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. तेव्हा तुमचा तपास रेंगाळलेला नाही, तो सुरूच झालेला नाही, आणि जो सुरू झाला नाही त्याचे समन्स कोण काढणार?

शिवाजीनगरच्या न्यायालयात प्लास्टिकच्या पिशवीतून चौघडी घातलेला असाच कागद काढून ‘गुन्हा दाखल केलाय हो’ असे सांगणारे कुटुंब मला सतत भेटते. त्यांना धीर धरायला सांगणारे सोसायटीतले कोणी तरी ‘जाणकार’ असतात, आणि या जाणकारांनी स्वतः एफआयआर बहुधा कधी वाचलेला नसतो. एफआयआरवर गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि लावलेली कलमे असतात, आणि कलम १७३ प्रमाणे त्याची प्रत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला विनामूल्य द्यावी लागते. ठाण्यातून बाहेर पडण्यापूर्वी हातातला कागद पायरीवर उभे राहून वाचण्यास दोन मिनिटे लागतात.

आता तुमच्या मुलाविषयी. साधी दुखापत, म्हणजे न्याय संहितेचे कलम ११५(२), अदखलपात्र आहे. परंतु हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे ही कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत ठरते आणि कलम ११७(२) खाली ती दखलपात्र असून तिला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. बहुतेक वेळा घडते ते असे, की रात्री ठाणे अंमलदारांसमोर फक्त सुजलेला हात असतो, एक्स-रे दुसऱ्या दिवशी निघतो आणि तो अहवाल घरच्या फाइलमध्येच राहतो. हा अहवाल, दुखापतीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि एनसीची प्रत जोडून वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ याला पुरावा म्हणत नाहीत. दाद लागली नाही तर तोच अर्ज टपालाने शहरात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तेथेही काही झाले नाही तर कलम १७५(३) प्रमाणे प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. नव्या कायद्याने तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे खरी, पण तिची मुदतही १४ दिवसांची आहे. शिवाय प्रकरण साध्या दुखापतीचेच ठरले, तर न्यायालयाने त्याची दखल घेण्यास घटनेपासून एक वर्षाची मर्यादा आहे, आणि त्यातले तीन महिने तुम्ही घालवलेले आहेत. याच आठवड्यात वकिलांना मूळ कागद दाखवा.

प्रश्न : साताऱ्याजवळ प्रवासात लुटले गेलो. तक्रार पुण्यात देता येते का? (धनकवडी)

देता येते, हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते.

प्रश्न : सरकारी वकील सरकारचे. मग आमच्या बाजूने कोण बोलणार? खासगी वकील लावण्याची ऐपत नाही. (येरवडा)

खटला सरकारी वकीलच चालवतात आणि त्यांना तुम्ही काहीही द्यायचे नसते. न्यायालयाच्या परवानगीने तुमचे वकील त्यांना साहाय्य करू शकतात. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर, जामिनाच्या सुनावणीतही, म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात स्पष्ट केले. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातच आहे. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

प्रश्न : आईचे हिसकावलेले मंगळसूत्र पोलिसांनी हस्तगत केले, पण ‘केस संपल्यावर मिळेल’ असे सांगतात. हे खरे आहे का? (सिंहगड रस्ता)

खरे नाही. मुद्देमाल वर्षानुवर्षे ठाण्यात पडू देऊ नये, पंचनामा आणि छायाचित्रे करून तो हक्कदाराला परत द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. खरेदीची पावती किंवा मंगळसूत्र दिसेल असे जुने छायाचित्र जोडून न्यायालयात अर्ज करा. ते हमीपत्रावर मिळेल आणि बोलावल्यास हजर करावे लागेल. तोवर ते मोडू नका, आटवू नका, गहाण ठेवू नका.

प्रश्न : माझ्या बहिणीवर अत्याचार झाला. मनोधैर्य योजनेतून ‘दहा लाख काढून देतो, वीस टक्के माझे’ असे एक गृहस्थ म्हणतात. कागद द्यावेत का? (भोसरी)

मुळीच देऊ नयेत. मनोधैर्य ही अत्याचारपीडितांना भरपाई देणारी राज्य शासनाची योजना आहे आणि दहा लाख ही तिची कमाल मर्यादा आहे. रक्कम प्रकरण पाहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवते आणि कोणाच्या ‘ओळखीने’ ती वाढत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर टक्केवारी लावणाऱ्या अशा माणसांची मला अतिशय चीड आहे. अर्ज प्राधिकरणाकडे थेट करता येतो, त्यांचेच वकील तो लिहूनही देतात. आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. कलम ३९६ प्रमाणे आरोपी सापडलेला नसला तरी भरपाई मागता येते आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. मूळ कागद त्या गृहस्थांकडे आधीच गेले असतील तर ते लगेच परत घ्या आणि बहिणीला घेऊन प्राधिकरणात जा. तिचे नाव कोणत्याही ग्रुपवर, मदतीच्या आवाहनातसुद्धा, टाकू नका. पीडितेची ओळख उघड करणे हा कलम ७२ खाली गुन्हा आहे.

प्रश्न : अशा प्रसंगी खासगी रुग्णालय ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ म्हणू शकते का? (वाकड)

नाही. लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब आणि मोफत उपचार करून पोलिसांना स्वतः कळवायचे आहे. उपचार नाकारणे हा गुन्हा आहे.

प्रश्न : माझ्या फिर्यादीवर पोलिसांनी ‘ब समरी’ पाठवल्याची न्यायालयाची नोटीस आली आहे. नातेवाईक म्हणतात, आता केस बंद झाली. (मंचर)

अजून झालेली नाही. समरी म्हणजे तपास बंद करावा, असे सुचवणारा पोलिसांचा न्यायालयाला दिलेला अहवाल. तिचे तीन प्रकार आहेत. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपीचा शोध लागला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद हेतुपुरस्सर खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. हे पोलिसांचे मत आहे, निकाल नव्हे. ते स्वीकारण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला ऐकले पाहिजे, हा १९८५ पासूनचा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे आणि तुम्हाला आलेली नोटीस त्याचसाठी आहे. तुम्ही लेखी हरकत घेतली, तर न्यायदंडाधिकारी पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात किंवा गुन्ह्याची दखलही घेऊ शकतात. ‘ब’ समरी मान्य झाली तर खोट्या फिर्यादीबद्दल तुमच्यावरच कारवाई होण्याचा धोका असतो, म्हणून गैरहजर राहणे परवडणारे नाही. समरी अहवालाची आणि त्यासोबतच्या जबाबांची प्रत मागून घ्या, आणि नोटीस, एफआयआर व हे जबाब घेऊन वकिलांना तारखेच्या किमान आठवडाभर आधी भेटा, आदल्या संध्याकाळी नव्हे.