माठ वाजवून घेता, तसं चाकही वाजवून घ्या

मागच्या अंकात नागपुरातल्या इतवारीच्या माझ्या दुकानातल्या जुन्या बेंच ग्राइंडरांबद्दल, म्हणजे मोटरच्या दोन्ही टोकांना दगडी चाकं लावलेल्या, टेबलावरच्या धारेच्या यंत्रांबद्दल लिहिलं आणि वाचकांची भरपूर पत्रं आली. मोटर भरण्याचं, म्हणजे तिच्यात तारेचे वेढे घालण्याचं (वाइंडिंगचं) काम मी ३४ वर्षं करते आहे. वडिलांचंच दुकान मी पुढे चालवते. जुने ग्राइंडर जमवून दुरुस्त करण्याचा नाद तिथूनच लागला. सगळ्यांना उत्तरं देणं एका पानात बसत नाही, म्हणून पुन्हापुन्हा आलेले प्रश्न निवडले आहेत.

ताई, लोहा ओळीत एका भंगारवाल्याकडे आठ इंची जुना ग्राइंडर पाहिला. किलोच्या भावाने देतो म्हणाला. घ्यावा का? (महालमधील वाचक)

पैसे काढायच्या आधी ओल्या फडक्याने त्यावरची माहितीची प्लेट पुसा. व्होल्ट, फेज, सायकल (हर्ट्झ) आणि आरपीएम (मिनिटाला फेरे), एवढे चार आकडे वाचता आले तरी निम्मा निर्णय होतो. २३० व्होल्ट, सिंगल फेज, ५० सायकल आणि २८५०च्या आसपास आरपीएम असेल तर घरच्या लाइनवर चालेल. १४४० असेल तर त्याहून छान, धारेच्या कामाला तो संथ आणि गुणी असतो. ४०० किंवा ४४० व्होल्ट थ्री फेज असेल, तर तुमच्याकडे तशी लाइन आहे का ते आधी बघा. डीसी लिहिलं असेल तर पहिल्याच ग्राइंडरला त्या वाटेला जाऊ नका.

मग शाफ्ट दोन्ही टोकांना धरून वर-खाली हलवा. फिरवताना नुसतीच खरखर असेल तर बेअरिंग गेली आहेत, तो फार मोठा खर्च नाही. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच सहा इंचींमध्ये ६२०३ निघाली: आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलिमीटर. ती आजही कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. पण वर-खाली हलवताना ‘खट’ वाजलं तर बेअरिंग बसतं ती जागाच झिजलेली असू शकते. मग ते लेथवाल्याचं काम.

मी सगळ्यात आधी बघते ते गार्ड, म्हणजे चाकावरचं लोखंडी संरक्षक झाकण. भंगारात येईपर्यंत चाकांवरचे गार्ड कुणीतरी काढून वेगळे विकलेले असतात आणि मापाचा गार्ड पुन्हा मिळवणं फार कठीण. गार्ड नसलेला ग्राइंडर मी फुकट मिळाला तरी चालवायला घेत नाही.

मोटर जळलेली असेल म्हणून मात्र सोडू नका. माझ्या पिशवीत सिरीज बल्ब असतो, म्हणजे लाइनच्या एका तारेत मधे जोडलेला बल्ब. ग्राइंडर कोरड्या लाकडी फळीवर ठेवायचा, बल्बचं एक टोक वाइंडिंगला आणि दुसरं बॉडीला लावायचं. बल्ब लागला तर वाइंडिंग बॉडीला लागलं आहे. त्या वेळी बॉडी जिवंत असते, तिला हात लावायचा नाही. ही तपासणी सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

जळकी मोटर उघडली की मी घाईने तार ओढून काढत नाही. आधी स्लॉट, म्हणजे तार बसते त्या खाचा, मोजते, कुठल्या स्लॉटातून निघून कॉइल कुठे जाते ते कागदावर काढते. मग एका बाजूचा गुच्छ कापून एकेक कॉइल बाहेर काढायची, वेढे मोजायचे आणि तारेवरचं व्हार्निश खरवडून मायक्रोमीटर लावायचा. हे सगळं वहीत उतरतं. वडिलांची वही १९७१पासूनची आहे. काळ्या पुठ्ठ्याची, पानांना व्हार्निशचे पिवळे डाग पडलेली. त्यात वुल्फ कंपनीच्या एका ग्राइंडरची नोंद आहे, वेढ्यांच्या आकड्याखाली दोनदा रेघ ओढलेली. २०१९ साली तसाच ग्राइंडर माझ्याकडे पूर्ण जळून आला. आतली तार वितळून एकजीव झाली होती, मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या पानावरून मी तो भरला आणि पहिल्याच खटक्याला तो उठला. म्हणून सांगते, तुमच्या ओळखीत कुणी जुना वाइंडर असेल तर त्याच्या वहीचे फोटो आजच काढून ठेवा. ग्राइंडर पुन्हा मिळतील, ते आकडे पुन्हा मिळणार नाहीत.

वाइंडिंग शाबूत पण ओल धरलेलं असेल तर भरायची घाई नको. आपल्या नागपूरच्या मे महिन्याचा एवढा उपयोग तरी होतो. स्टेटर (मोटरचा न फिरणारा, वाइंडिंगचा भाग) दोन दिवस गच्चीवरच्या उन्हात ठेवा, पावसाळ्यात असेल तर पत्र्याच्या डब्यात १०० वॉटचा बल्ब लावून. मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने बघायचं. एक मेगओहमच्या वर चांगलं दाखवत असेल तर जुनी सुती वेष्टणाची तार मी तशीच ठेवते.

आजोबांच्या ग्राइंडरवर अजून मूळचा दगड (चाक) आहे, कागदी लेबलसकट. सगळं मूळचं राहावं असं वाटतं. जपून वापरला तर चालेल ना? (धरमपेठेतील वाचक)

नाही, चालणार नाही. लेबल जपा, दगड काचेच्या कपाटात ठेवा, पण तो फिरवू नका.

या दगडाचा जन्म कुंभारवाड्यातला आहे. अमेरिकेत वूस्टरला नॉर्टन नावाच्या माणसाचं मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. तिथल्या स्वेन पुलसन या कुंभाराने मातीत एमरीचे, म्हणजे घासायच्या कठीण खनिजाचे कण कालवून चाक घडवलं आणि भट्टीत भाजलं. पुढे १८८५मध्ये त्यातूनच नॉर्टन एमरी व्हील कंपनी उभी राहिली. आजही आपण वापरतो ते बहुतेक राखाडी, पांढरे आणि हिरवे दगड भट्टीतच भाजलेले असतात. म्हणजे हा माठच. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना आपण काय करतो? बोटाच्या पेराने वाजवतो. ठणठणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर खाली ठेवतो.

दगडाचंही तेच. मशीनवरून काढा, पुसून कोरडा करा, भोकात बोट घालून अधांतरी धरा. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने, कडेपासून इंच-दीड इंच आत, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर हळूच टोका. मग थोडा फिरवून पुन्हा. स्वच्छ नाद यायला हवा. आवाज बसला तर आत तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. रेझिनने बांधलेलं चाक मात्र चांगलं असूनही तसं खणखणत नाही, त्याला ही परीक्षा लावू नका.

मी हे शिकले ते चुकीतून. १९ वर्षांची होते. वडील जेवायला घरी गेले होते आणि गिऱ्हाईक घाईत होतं. त्याचा जुना दगड मी न वाजवता चढवला आणि बटन दाबलं. वडिलांनी लावलेली एकच सवय अंगात होती: सुरू करताना चाकासमोर उभं राहायचं नाही. मी बाजूला होते. दहा सेकंदही झाले नसतील, एक आवाज झाला आणि समोरच्या लोखंडी पेटीला मुठीएवढा पोचा पडला. बाकीचे तुकडे गार्डने अडवले. वडील आले, रागावले नाहीत. उरलेला तुकडा उचलून माझ्या कानाशी धरून वाजवला. “आयकलं का? भद्द वाजून राह्यला.” ती पेटी अजून दुकानात आहे.

जोराचा अंदाज हवा असेल तर हिशेब सोपा आहे. आठ इंची चाक २८५०ने फिरलं की त्याची कड सेकंदाला जवळजवळ ३० मीटर जाते. म्हणजे ताशी १०७ किलोमीटर. फुटलेला तुकडा त्याच वेगाने निघतो. तुमच्या आजोबांचा दगड ५० वर्षांत कुठे पडला, कुणी त्यावर काय टाकलं, कुठल्या पावसाळ्यात तो भिजला, हे कुणाला सांगता येणार?

नवा दगड घ्या. त्यावर लिहिलेला कमाल आरपीएम मोटरच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. ‘ए ६० के ५ व्ही’ असं काही लिहिलेलं दिसेल: ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ६० कणांची बारकाई, के कडकपणा, ५ कणांमधली मोकळीक, व्ही म्हणजे भट्टीत भाजलेला. घरगुती पोलादी हत्यारांना तो उत्तम. दोन्ही बाजूंचे कागदी वॉशर फेकू नका, फ्लँजचा, म्हणजे चाक दोन्हीकडून आवळणाऱ्या चकत्यांचा दाब तेच सारखा वाटतात. दोन्ही फ्लँज एका मापाच्या आणि चाकाच्या व्यासाच्या किमान एक तृतीयांश हव्यात. हत्यार टेकवायचा टेकू चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, गार्डच्या वरची जीभ (सरकती पट्टी) ६ मिलिमीटरपेक्षा. चढवल्यावर बाजूला उभं राहून एक मिनिट मोकळा फिरू द्या. आणि चष्मा लावा, दर वेळी.

डावीकडचा नट काही केल्या निघत नाही. पाइप लावून पाहिला. (कामठीतील वाचक)

तुम्ही तो घट्ट करत आहात. डावीकडचे आटे उलटे असतात, चालताना नट सैल होऊ नये म्हणून. उजवीकडचा नट एका पान्याने धरून ठेवा आणि डावीकडचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. गंज असेल तर रात्रभर डिझेल सोडून ठेवा. चाकात सळई अडकवून जोर लावू नका.

मामांनी अमेरिकेहून आणलेला बाल्डोर ग्राइंडर आहे. ११५ व्होल्ट, ६० सायकल, ३४५० आरपीएम. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येईल का? (जरीपटक्यातील वाचक)

येईल, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल नाही. आपल्या ५० सायकलवर तो २८५०च्या आसपासच फिरेल. तेवढं चालतं. अडचण तापण्याची आहे. सायकल कमी झाली की त्याच व्होल्टला मोटरचं लोखंड जास्त चुंबकीय होतं, करंट वाढतो. ११५ला ५० ने गुणून ६० ने भागा, ९६ येतात. म्हणून ११० ऐवजी ९५ ते १०० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. ताकद थोडी कमी मिळेल, पण वाइंडिंग वाचेल.

सेंट्रिफ्यूगल स्विच, म्हणजे वेग आल्यावर स्टार्टिंगचं वाइंडिंग आपोआप तोडणारा स्विच असेल तर आणखी एक गोष्ट. तो साधारण पूर्ण वेगाच्या पाऊण हिश्शावर सुटतो आणि हा हिशेब ३६०० धरून केलेला असतो, म्हणजे २७००च्या जवळ. आपल्याकडे मोटर कशीबशी तिथे पोचते. सुरू केल्यावर ‘टक’ ऐकू यायलाच हवं. दोन-तीन सेकंदांत नाही आलं तर लगेच बंद करा, नाहीतर स्टार्टिंगचं वाइंडिंग जळेल.

नवा रंग कोणता द्यावा? (तिघांनी विचारलं आहे)

माझं मत विचाराल तर देऊच नका. रॉकेलच्या फडक्याने मळ काढा, पॉलिश पेपर लावू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासला तर ती धूळ नाकात जाते. शाफ्ट आणि टेकूवरचा गंज लिंबाच्या सताच्या पाण्यात उतरतो, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच तेलाचा हात द्या. प्लेटला तारेचा ब्रश तर अजिबात नको. अक्षरं एकदा गेली की तो ग्राइंडर मुका झाला. आणि उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर चालतो तिथे हत्यारं ठेवू नका. आठ दिवसांत शाफ्टवर लाल ठिपके येतात, मी पाहिले आहेत.

याच ग्राइंडरवर विळी आणि पावशीला धार लावू का? (वर्ध्याच्या वाचक भगिनी)

लावता येते, पण पातं लगेच भाजतं. कड निळी पडली म्हणजे ती ३०० अंशांच्या जवळ गेली आणि तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग ती विळी कांदाही नीट कापणार नाही. २८५०च्या मशीनवर फक्त पडलेली खांडं काढा. शेजारी पाण्याचं घमेलं ठेवा, दर दोन-तीन सेकंदांनी बुडवा. पातं उघड्या बोटांनी धरा म्हणजे तापलेलं लगेच कळेल. हातमोजे घालू नका, चाक ते ओढून घेतं. शेवटची धार हातानेच, पाणी लावून, सपाट दगडावर. ॲल्युमिनियमचा चमचा किंवा झारा मात्र या चाकाला कधीच लावू नका, मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरतो आणि दगड कापेनासा होतो.

तुमच्याकडचा सगळ्यात जुना कोणता? (एका शाळकरी वाचकाचा प्रश्न)

एका बंद पडलेल्या गिरणीच्या भंगारातून आलेला. प्लेट पुसट झाली आहे, त्यामुळे साल सांगता येत नाही. त्यात बॉल बेअरिंग नाहीत. शाफ्ट ज्यात फिरतो ते पितळी बुश आहेत आणि वर झाकणाच्या दोन तेलकुप्या. चाकं मी काढून ठेवली आहेत. महिन्यातून एकदा, शनिवारी दुकान बंद करायच्या आधी, दोन्ही कुप्यांत थेंब-थेंब तेल सोडते, शाफ्ट हाताने चार वेळा फिरवते आणि मग सुरू करते. मिनिटभराने बटन बंद करून घड्याळ बघत उभी राहते: जितका उशिरा थांबेल, तितका शाफ्ट मोकळा. मागच्या वेळी तो थांबायला ४१ सेकंद लागले. त्याच्या आदल्या महिन्यात ३८ होते.