आधी भाकरी, मग पाहुणे

खानापूर तालुक्यातली 23 वर्षांची एक वाचक लिहिते: खालचा जबडा पुढे आहे, पुढचे दात एकमेकांवर बसत नाहीत. बेळगावच्या डॉक्टरांनी आधी क्लिपा, मग जबड्याचं ऑपरेशन सांगितलंय. आईला वाटतं तोंड वाकडं होईल. आत्या म्हणते, तुळशीचं लग्न झालं की पाहुणे बघायला येणार, त्याआधी उरकून घे. एक दवाखाना म्हणतो, नुसत्या क्लिपांनी सहा महिन्यांत करून देतो. मावशी, काय करू?

पोरी,

तुझ्या चार पानांत पाहुणे नऊ वेळा आलेत आणि भाकरी एकदाच, तीही कंसात: भाकरी दातांनी तुटत नाही म्हणून मैत्रिणींसमोर ताकात कुस्करून खातेस. मी त्या कंसालाच उत्तर देतेय.

तुळशीच्या लग्नापर्यंत काही उरकत नाही, हे आत्याला आजच सांग. साधारण वर्ष-दीड वर्ष क्लिपा, मग ऑपरेशन, मग पुन्हा सहा महिने ते वर्षभर क्लिपा. शिवाय ऑपरेशनच्या आधी चेहरा सुधारत नाही, उलट बिघडल्यासारखा दिसतो. जबडा पुढे वाढला की दात आपापल्या परीनं सांभाळून घेतात. वरचे बाहेर कलतात, खालचे आत. क्लिपा त्यांना हाडावर सरळ उभं करतात, आणि इतकी वर्षं झाकलेली फट उघडी पडते. आत्याचे पाहुणे नेमके तेव्हाच चहा घेत बसलेले असतील!

सहा महिन्यांच्या दवाखान्याचं म्हणशील तर क्लिपांनी दात हलतात, तुझ्या वयात जबडा हलत नाही. दोष थोडा असेल तर दात कलवून झाकता येतो, त्यात गैर काही नाही. पण ते कलवणं ऑपरेशनआधीच्या क्लिपांच्या नेमकं उलट्या दिशेचं असतं. पुढे ऑपरेशन ठरलं तर केलेलं सगळं मागे फिरवावं लागतं. म्हणून क्लिपा लावण्याआधीच एक काय ते ठरव. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळाची दंत महाविद्यालयं आहेत, धारवाडला एसडीएम आहे. क्लिपांचे आणि जबड्याचे, दोन्ही डॉक्टर एक्स-रे समोर ठेवून काय म्हणतात ते ऐक.

आईला सांग, चिरा तोंडाच्या आतून देतात, चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. पूर्ण भूल देऊन हाड कापतात, सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. सूज मुख्यतः दोन-तीन आठवडे. चेहरा हलवणाऱ्या नसेला इजा होणं दुर्मीळ. खरा धोका दुसराच आहे. खालच्या ओठाला जाणीव देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते, त्यामुळे ओठ-हनुवटी बधिर होते. बहुतेकांची जाणीव काही महिन्यांत परत येते, काहींची थोडी बधिरता कायम राहते. ओठ हलतो, पण त्यावर चहा ओघळला तर कळत नाही. हे चालेल का, ते तूच ठरव; आई नाही, आत्या तर नाहीच.

नंतर सुमारे सहा आठवडे चावणं बंद. आधी गाळलेली पेज, नाचणीची आंबील, मग गुरगुट्या भात. खानापूरच्या घराला हे काय शिकवायचं?

संमतीपत्र बहुधा कन्नडात किंवा इंग्रजीत असेल. मराठीत समजावून सांगा म्हण, लाजू नकोस. विमा असेल तर चावण्याचा दोष डॉक्टरांकडून लेखी घे, नाहीतर कंपनी सौंदर्याचा उपचार म्हणून हात झटकू शकते.

पाहुणे आलेच तर क्लिपा लावलेल्या तोंडानं बस आणि पुढे ऑपरेशन आहे हेही सांगून टाक. पण त्याआधी डॉक्टरांना एवढं विचार: शेवटी पुढच्या दातांनी भाकरी तुटेल ना? काय म्हणाले ते मला कळव.

तुझी मावशी