शांत वाजवणारा इमो बँड लाइव्ह ऐकायला जावं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन फुटबॉल नावाच्या बँडसारखा हळुवार, बारीक कामाचा इमो (पंक रॉकमधून निघालेला, मनातली घालमेल गाणारा प्रकार) बँड प्रत्यक्ष ऐकण्यात काही अर्थ आहे का, की हेडफोन लावून घरी ऐकलेलं जास्त चांगलं. माझं म्हणणं, जाच. फक्त जागा बघून जा.

हेडफोनवर दोन गिटार एकमेकींत इतक्या मिसळून येतात की कोण काय वाजवतंय हे पटकन सुटं करता येत नाही. समोर बसलं की ते डोळ्यांना दिसतं. कोरेगाव पार्कातल्या एका छोट्या जागी मी पुण्यातल्याच तरुण मुलामुलींचा असा एक बँड ऐकला. डावीकडचा मुलगा सात मात्रांचा तुकडा फिरवत होता, उजवीकडची मुलगी चार मात्रांचा, आणि ड्रमवर ब्रशने अगदी हलकं काम चाललेलं. सात आणि चार 28 मात्रांनी पुन्हा एका जागी येतात. माझ्या शेजारची मुलगी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होती, आणि ती जागा आली तशी तिची मान आपसूक हलली. सवाईला रात्र रात्र बसलेल्या घरांतून आलेल्या लोकांना समेची वाट बघणं शिकवावं लागत नाही. म्हणूनच मला वाटतं, हे संगीत पुण्यात रुजायला काहीच हरकत नाही.

दुसरी गोष्ट गाण्यांच्या मधल्या वेळेची. या मंडळींची गिटार नेहमीच्या सुरांत लावलेली नसते. अमेरिकन फुटबॉलच्या गाण्यांमुळे प्रसिद्ध झालेली एक जुळणी आहे: जाड तारेपासून एफ, ए, सी, जी, सी, ई. म्हणजे नेहमीच्या जुळणीतली सहावी तार अर्धा स्वर चढवायची, चौथी एक स्वर उतरवायची, दुसरी अर्धा स्वर चढवायची. मग डाव्या हाताचं एक बोटही न लावता नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी एफ मेजर नाइन हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, वाजतो. तो हुरहुर लावणारा रंग बराचसा तिथूनच येतो. पण पुढच्या गाण्याला जुळणी वेगळी असली तर थांबून तारा पुन्हा लावाव्या लागतात. त्या रात्री तो मुलगा पायाशी ठेवलेल्या ट्यूनरकडे बघत खुंटी जराशी पिळायचा, तार ओढून सैल करायचा, परत पिळायचा. कोणी कंटाळलं नाही. तानपुरे लागेपर्यंत गप्प बसतो तसेच सगळे बसले होते. काही जण या वेळात फोन काढतात. मी म्हणेन, तेव्हाही कान तिकडेच ठेवा. पुढचं गाणं कुठल्या सुरांत येणार हे तिथेच कळायला लागतं.

आता अमेरिकन फुटबॉलबद्दल थोडं, कारण त्याशिवाय त्यांच्या कार्यक्रमातलं वातावरण समजत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांनी तो काढला. 1999 मध्ये पॉलिव्हायनल या रेकॉर्ड कंपनीने त्यांचा पहिला अल्बम आणला आणि थोड्याच काळात बँड मोडला. पुढची कित्येक वर्षं तो अल्बम लोकांनी एकेकट्याने, आपापल्या खोलीत ऐकला. 2014 मध्ये ते पुन्हा एकत्र आले तेव्हा समोर उभ्या माणसांना प्रत्येक ओळ पाठ होती. त्यांच्या कार्यक्रमांची चित्रणं बघा, लोक शब्दांच्या जोडीला गिटारची सुरावटही तोंडाने गातात. ड्रमवाला स्टीव्ह लामोस ट्रम्पेटही वाजवतो. त्या ट्रम्पेटचा स्वर मला फार आवडतो. त्यात दाखवेगिरी अजिबात नाही.

जागेचं मी इतकं का सांगतोय? एका बारमध्ये असाच एक कार्यक्रम माझ्यासाठी पार वाया गेला. मागच्या टेबलांवर वाढदिवस चालू होता, मिक्सरचा घरघराट होता, आणि गाणाऱ्याचा आवाज मुळात कुजबुजीच्या जरा वर. ढणढण वाजवणारा बँड गोंगाटाला पुरून उरतो, हा नाही उरत. अशा बँडना खरं तर शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारखं छोटं सभागृह मिळायला हवं, जिथे प्रायोगिक नाटकात नटाने घेतलेला श्वासही शेवटच्या रांगेत ऐकू येतो. कोणी आयोजक हे वाचत असेल तर मनापासून विनंती आहे, एकदा करून बघा.

बारमध्येच असेल तर आधी विचारून घ्या की कार्यक्रमाच्या वेळी जेवणाची टेबलं चालू असतात का. अगदी पुढे, स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका, तिथे एकाच बाजूची गिटार कानावर येते. साउंडवाला बसतो त्याच्या आसपास, मधोमध जागा धरा, कारण तो जे ऐकून आवाज जुळवतो तेच तुम्हालाही मिळतं. जाण्याआधी पहिला अल्बम दोनतीनदा सलग ऐका, एकदा फक्त डाव्या कानाने आणि एकदा फक्त उजव्या. इमो म्हणजे नुसता आरडाओरडा असं मानणारा एखादा मित्र असेल तर त्यालाही घेऊन जा, पण त्याला आधीच सांगून ठेवा की मधे बोलायचं नाही.