बालीतील मंदिरे सारखी नाहीत आणि रिकामीही नाहीत

बालीत पाच दिवस मिळणार असतील, तर "सगळी सारखीच दिसणारी" मंदिरे एक-दोनांत आटोपून उरलेला वेळ समुद्रकिनारे आणि धबधबे यांना द्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ठामपणे "नाही" असे आहे. वेळ कमी आहे म्हणून मंदिरे कमी केलीत तर माझे काही म्हणणे नाही. ती सारखी असतात म्हणून कमी करू नका. नेमके हेच वाक्य मी माझ्या भावोजींच्या तोंडून बालीतच ऐकले आहे आणि त्यावरून सुरू झालेला आमचा वाद आजही मिटलेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आम्ही दोन्ही कुटुंबे मिळून गेलो होतो आणि किंतामणीच्या कड्यावरील पुरा उलुन दानू बातूर या मंदिरात पोहोचलो होतो. हे मंदिर पूर्वी खाली, तळ्याकाठी होते. 1926 च्या उद्रेकात बातूर ज्वालामुखीच्या लाव्ह्याने तिथले गाव आणि मंदिर गिळले, तेव्हा गावकऱ्यांनी देवीसह वर कड्यावर येऊन ते नव्याने उभारले. देवी दानू ही तळ्याची, म्हणजेच पाण्याची देवता. भावोजी गाभारा शोधत होते. त्यांना दिसली ती उघड्या आकाशाखालील अंगणे, काळ्या तंतूंनी शाकारलेली एकावर एक छपरांची मेरू नावाची उंच देवळे आणि एक रिकामे दगडी आसन. "आत मूर्तीच नाही, तर पाहायचे काय? पुढची मंदिरे रद्द करा आणि समुद्रावर चला," असे ते सर्वांसमक्ष म्हणाले.

आमच्या गाडीचे चालक बाली हिंदू गृहस्थ होते. त्यांना मराठी येत नव्हते, पण बोलण्याचा सूर त्यांच्या लक्षात आला असावा. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की त्या आसनाला पद्मासन म्हणतात, ते अचिंत्य परमेश्वरासाठी असते आणि म्हणूनच ते रिकामे ठेवतात. इतर देवतांना 210 दिवसांच्या पंचांगाप्रमाणे येणाऱ्या ओदालान या वार्षिकोत्सवात आवाहन करतात. त्या उतरतात, पूजा स्वीकारतात आणि परत जातात. ज्या घरात पूजेच्या आरंभी सुपारीवर गणपतीचे आवाहन होते आणि शेवटी अक्षता वाहून विसर्जन होते, त्या घरातल्या माणसाला हे समजू नये, याचे मला तेव्हाही वाईट वाटले आणि आजही वाटते.

उतरताना चालकांनी आम्हाला त्यांच्या ओळखीच्या एका भातखाचरापाशी नेले. तिथे पाटाच्या तोंडाशी एक आडवे लाकूड बसवलेले होते आणि त्यात खाचा केलेल्या होत्या; ज्या शेताचा जेवढा हक्क, तेवढी त्याची खाच रुंद. शेजारी हातभर उंचीचे देऊळ होते आणि त्यावर केळीच्या पानात ताजी फुले ठेवलेली होती. पाण्याच्या वाटपासाठी एकत्र आलेल्या शेतकऱ्यांच्या या संस्थेला सुबाक म्हणतात. कोणत्या खाचरात लावणी कधी करायची, पाणी कधी सोडायचे आणि जमीन कधी कोरडी ठेवायची, हे सुबाकचे सभासद आपापल्या जलमंदिराच्या आधाराने एकत्र बसून ठरवतात, आणि त्या सर्व मंदिरांचे मूळ आम्ही नुकतेच पाहून आलेल्या तळ्याच्या मंदिरात मानले जाते. माझे वडील पांझरेच्या काठी फडपद्धतीच्या शेतीत पाटकरी होते. पाण्याच्या पाळीवरून भावकीत डोकी फुटू नयेत यासाठी ते रात्री-अपरात्री कंदील घेऊन पाटावर जात. समुद्रापलीकडच्या एका बेटावर पाण्याच्या न्याय्य वाटणीला देवाइतका मान दिलेला पाहून मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. भावोजी मात्र गाडीतून उतरले नाहीत.

त्यांना मी पुढे अनेकदा सांगितलेली गोष्ट इथेही सांगतो. 1970 च्या दशकात इंडोनेशियाच्या सरकारने अधिक उत्पन्न देणाऱ्या भाताची जात आणली आणि मंदिरांचे वेळापत्रक बाजूला ठेवून शेतकऱ्यांना एकामागून एक पिके घ्यायला लावली. पाण्याची ओढाताण झाली आणि किडींनी पीक फस्त केले. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी याचा अभ्यास केला. सगळ्यांनी एकाच वेळी शेते मोकळी ठेवली की किडीला खायला उरत नाही, आणि वरच्या-खालच्या शेतांनी लावणी पुढेमागे केली की पाणी पुरते. या दोन्हींचा मेळ जलमंदिरांची व्यवस्था घालत होती, हे त्यांनी संगणकीय प्रारूपाने दाखवून दिले. ज्या देवळाने शेकडो वर्षे बेटाला भात पुरवला, त्याला रिकामे कसे म्हणायचे? युनेस्कोने 2012 मध्ये बालीतील जागतिक वारसा घोषित केला, तेव्हाही बातूरचे मंदिर, तळे आणि भातखाचरे यांची नोंद एकत्रच केली.

म्हणून माझा सल्ला असा की, मंदिरे, निसर्ग आणि समुद्र अशा वेगवेगळ्या याद्या न करता पाण्यामागे चालत जावे. सुरुवात बातूर तळ्यापासून करा. तळ्यातून पृष्ठभागावरून वाहणारी नदी निघत नाही. पाणी ज्वालामुखीच्या खडकात मुरते आणि खालच्या उतारांवर झरे फुटतात. असाच एक झरा तांपाकसिरिंग येथील तीर्थ एम्पुल मंदिरात आहे. हे मंदिर इसवी सन 962 चे मानले जाते आणि लोक तिथे आजही धारांखाली शुद्धिस्नान करतात. त्याच पाकेरिसान नदीच्या खोऱ्यात जवळच गुनुंग कावी आहे. तिथे अकराव्या शतकात कड्यात कोरलेली सुमारे 7 मीटर उंचीची स्मारके आहेत. पायऱ्या भरपूर आहेत, पण बालीत एकच जागा पाहायची असेल तर मी हीच सांगेन. एक दिवस जातिलुविहच्या खाचरांना आणि वाटेतील ब्रातान तळ्याकाठच्या मंदिराला द्या.

तानाह लोत आणि उलुवातू ही समुद्रावरची मंदिरे. सोळाव्या शतकातील पुरोहित निरर्थ यांच्याशी दोन्हींचा संबंध सांगतात. तानाह लोतला ओहोटीची वेळ पाहून जा, म्हणजे खडकाच्या पायथ्यापर्यंत जाता येते. वर मंदिरात परकीयांना प्रवेश नाही. उलुवातूला चष्मा खिशात ठेवा, माकडे तो पळवतात. लेम्पुयांग मंदिराच्या दरवाजासमोर छायाचित्रासाठी काही तास रांगेत उभे राहणे मला निरर्थक वाटते. छायाचित्रात दिसणारे पाणी तिथे नसते. भ्रमणध्वनीखाली आरसा धरून ते प्रतिबिंब तयार केलेले असते.

समुद्रकिनाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. लहान मुले बरोबर असतील तर सानूर निवडा, कारण प्रवाळाच्या बांधामुळे तिथे लाटा अडतात. कुता आणि सेमिन्याक येथे पाण्याला ओढ असते. लाल झेंडा दिसला तर पाण्यात पाऊल टाकू नका. पोहणे आणि बुडी मारणे जमत असेल तर तुलांबेनला जा: 1942 मध्ये पाणतीराने निकामी झालेले लिबर्टी हे अमेरिकी जहाज तिथे किनाऱ्यावर आणून ठेवले होते, आणि 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते पाण्यात ढकलले. नुसा पेनिदा बेटावरील केलिंगकिंगचा किनारा कड्यावरूनच पाहा. खाली उतरण्याची वाट खडी आहे आणि लाटा जीवघेण्या आहेत. धबधब्यांपैकी उत्तरेकडील सेकुम्पुल पुरेसा आहे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मंदिरात कमरेला सरोंग, म्हणजे लुंगीसारखे वस्त्र, आणि पट्टा लागतो. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आणि घरात सुतक असलेल्यांना आत येऊ नये असे सांगितले जाते. हा नियम मला व्यक्तिशः पटत नाही, पण आपण तिथे पाहुणे असतो. तीर्थ एम्पुलमध्ये काही धारा मृतांच्या विधींसाठी राखलेल्या आहेत, म्हणून स्नानापूर्वी विचारून घ्या. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने असतात आणि त्या काळात कुताच्या किनाऱ्यावर प्लास्टिक वाहून येते. फेब्रुवारी 2024 पासून परकीय प्रवाशांना प्रत्येकी 1,50,000 रुपियांचे शुल्क भरावे लागते, ते निघण्यापूर्वीच ऑनलाइन भरा. आपण मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपीची तारीख नक्की पाहा. हा बालीचा शक नववर्षदिन असतो; 2025 मध्ये तो 29 मार्चला, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी आला होता. त्या दिवशी संपूर्ण बेट बंद असते, रस्त्यावर कोणालाही फिरता येत नाही आणि विमानतळही 24 तास बंद ठेवतात, त्यामुळे येण्याचे किंवा परतीचे तिकीट त्या दिवसाचे काढू नका.