युद्धनौकेचं मॉडेल करायचंय? आधी तारीख ठरवा, मग मॉडेलचा डबा घ्या

तुमचा प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॅटलशिपचं मॉडेल पहिल्यांदाच करायचंय, तर कोणती बोट घेऊ आणि त्यासाठी इतिहास कितपत वाचावा लागेल?

माझं मत विचाराल तर एचएमएस प्रिन्स ऑफ वेल्स घ्या. स्केल १:७००, आणि वॉटरलाइन, म्हणजे पाण्याखालचा भाग नसलेली. लांबी साधारण ३२ सेंटीमीटर भरते, टेबलावर मावते. इतिहास मात्र वाचावाच लागतो, कारण नुसती बोट निवडून भागत नाही. युद्धात बोट गोदीत जाऊन आली की तिच्या तोफा, रडार, रंग काही ना काही बदललेलं असतं. म्हणून 'कोणती बोट' याच्या जोडीला 'कुठल्या दिवशीची' हेही ठरवायला हवं.

ही बोट जानेवारी १९४१मध्ये नौदलात आली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला बुडाली. पुरतं वर्षही नाही, तरी तिची तीन वेगळी रूपं करता येतात.

पहिलं मे महिन्यातलं. २४ मेच्या पहाटे ग्रीनलंड आणि आइसलंडमधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत ती हूड या ब्रिटिश युद्धनौकेबरोबर बिस्मार्क या जर्मन बॅटलशिपवर चालून गेली. टरेटच्या, म्हणजे मोठ्या तोफांच्या फिरत्या बुरुजांच्या, यंत्रणेतल्या कुरबुरी निस्तरणारे कंपनीचे कामगार तेव्हाही बोटीवरच होते, इतकी ती नवी. हूड काही मिनिटांत फुटली, १,४१८ जणांपैकी तिघेच वाचले. प्रिन्स ऑफ वेल्सच्या ब्रिजवर, म्हणजे कप्तान जिथून बोट चालवतो तिथे, गोळा पडला, मागचा टरेट अडकला. पण तिच्या माऱ्याने बिस्मार्कचं तेल गळायला लागलं आणि त्यापायीच बिस्मार्कने मोहीम सोडून फ्रान्सची वाट धरली. मेमधली ही बोट अंगभर करडी करायची. बी आणि वाय, म्हणजे पुढून दुसऱ्या आणि मागच्या, टरेटच्या माथ्यावर रॉकेट-लाँचर हवेत. ही रॉकेटं हवेत पॅराशूट सोडायची, पॅराशूटला लांब तार आणि तारेला सुरुंग, म्हणजे येणारं विमान त्यात अडकेल. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल कोण जाणे! काही महिन्यांतच ती काढून टाकली.

दुसरं रूप ऑगस्टचं, आणि माझं सगळ्यात आवडतं. स्कॉटलंडमधल्या रोसाइथच्या गोदीत दुरुस्ती करताना बुडाच्या भागात बिस्मार्कचा न फुटलेला गोळा सापडला. रॉकेटांच्या जागी आठ नळ्यांच्या पॉमपॉम या विमानविरोधी तोफा आल्या आणि बोटीवर करड्या-निळ्या-काळपट पट्ट्यांचं कॅमोफ्लाज चढलं. याच रूपात ती चर्चिलना घेऊन न्यूफाउंडलंडच्या प्लासेंशिया उपसागरात गेली. रविवारी, १० ऑगस्टला, मागच्या डेकवर मोठ्या तोफांच्या सावलीत रूझवेल्ट आणि चर्चिल शेजारी बसून प्रार्थना म्हणाले, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्याच भेटीतून अटलांटिक सनद निघाली. तिच्या तिसऱ्या कलमात प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडायचा हक्क आहे असं म्हटलंय. महिना उलटतो न उलटतो तोच, ९ सप्टेंबरला, चर्चिलनी पार्लमेंटमध्ये खुलासा केला की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपबद्दल आहे, हिंदुस्थानबद्दल नव्हे. त्या डेकच्या फळ्या रंगवताना मला हे दर वेळी आठवतं.

तिसरं रूप डिसेंबरचं. कोलंबोमार्गे सिंगापूर, आणि मग विमानांचं छत्र नसताना मलायाच्या किनाऱ्याकडे. क्वांतानजवळ जपानी विमानांनी ती आणि सोबतची ब्रिटिश युद्धनौका रिपल्स दोन्ही बुडवल्या, मिळून ८४० माणसं गेली. डाव्या बाजूच्या बाहेरच्या प्रोपेलर शाफ्टपाशी लागलेल्या टॉर्पेडोने तिचं कंबरडंच मोडलं. तामिया या मॉडेल कंपनीचा डबा याच लढाईचा आहे. साचा जुना, भाग कमी, किंमत आवाक्यात. फ्लायहॉक या दुसऱ्या कंपनीच्या डब्याचा तपशील कितीतरी सरस, पण पहिल्याच मॉडेलला एवढे बारीक भाग झेपतीलच असं नाही.

टरेट बसवताना तुम्हालाच प्रश्न पडेल: पुढे चार नळ्या, मग दोन, मागे परत चार, असं का? मूळ आराखड्यात तिन्ही टरेट चार-चार तोफांचे होते. चिलखत वाढवायला वजन वाचवायचं म्हणून दुसऱ्यातल्या दोन कमी केल्या. आणि तोफा १४ इंचीच का, तर तोफांच्या आकारावर मर्यादा घालणारा १९३६चा लंडन करार. बाकीचे देश १५-१६ इंचांवर गेले, ब्रिटन करार पाळत बसलं. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तेही बघा, कशी सपाट आहे. पुढच्या टरेटला थेट समोर, आडवी नळी धरून मारा करता यावा ही नौदलाची अट, म्हणून नाळ उंच केली नाही. परिणामी खवळलेल्या समुद्रात पुढचं डेक कायम पाण्याने धुतलं जायचं.

आता हातचं काम. रेलिंग पातळ पितळी पत्र्यात कोरलेलं येतं. त्या पत्र्याला कापण्याआधीच प्रायमर, म्हणजे अस्तराचा रंग, मारून घ्या. १:७००मध्ये रेलिंगची उंची जेमतेम दीड मिलिमीटर, सुटी करून रंगवायला गेलात तर ब्रशच्या दाबानेच वाकते. डिंक सुईच्या टोकाने लावा. कॅमोफ्लाजला आधी फिका रंग, मग टेप लावून गडद. जुने फोटो बघून छटा ठरवताना जरा जपून, कारण त्या काळच्या काही फिल्ममध्ये निळा प्रत्यक्षाहून फिका आणि लाल जवळजवळ काळा दिसतो. ५०७-ए आणि ५०७-बी हे ब्रिटिश नौदलाचे करडे रंग वेगळे की एकच, यावर हौशी मंडळी हमरीतुमरीवर येतात. तुम्ही त्यात पडू नका. गंज फार लावू नका, जिच्यावर दीड हजार खलाशी आहेत ती बोट मालवाहू जहाजाइतकी गंजत नाही. मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात लॅकर मारू नका, दमट हवेत रंग पांढरट पडतो.

वॉरस्पाइट या दुसऱ्या ब्रिटिश बॅटलशिपचा मोह होईल. पहिल्या महायुद्धातल्या जटलंडपासून दुसऱ्यातल्या नार्विक, मातापान, नॉर्मंडीपर्यंत, सगळ्या लढायांत ती होती. पण तीस वर्षांत ती इतकी बदलली की तारखेचा घोळ तिच्यात सगळ्यात मोठा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला करा.

कॅमोफ्लाजची धास्ती वाटत असेल तर मे निवडा, एका करड्या रंगात काम होतं. फक्त कपाटात शेजारी ३७-३८ सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा. मे केलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे त्याच स्केलची हूड हवीशी वाटते.